घाटात पिक-अप जातो, गाडी बंद करून चालू केली की परत येतो : छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनाची तपासणी कोणत्या क्रमाने करावी

पुण्याहून साताऱ्याकडे येताना खंबाटकीची चढण लागते, आणि माझ्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांपैकी पुष्कळांची तक्रार याच चढणीवर सुरू झालेली असते. गाडीत चार-पाच माणसे, डिकी भरलेली आणि एसी चालू असतो. अर्धा घाट चढल्यावर ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी पुढे ओढत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिन दिवा लागतो. घाबरलेला चालक गाडी कडेला घेतो, दोन मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करतो, आणि पिक-अप परत आलेला असतो. पुढच्या मोठ्या चढणीवर मात्र तेच घडते. असा मालक माझ्याकडे येतो तेव्हा बहुधा कोणीतरी त्याला ‘टर्बो गेला’ असे सांगितलेले असते. टर्बो म्हणजे इंजिनाच्या धुराच्या जोराने फिरून इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. टर्बो खरोखर जातो, पण माझ्या अनुभवात या विशिष्ट तक्रारीत तो शेवटचा संशयित असतो. म्हणून पुढचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होऊन टर्बोपाशी संपतो. तो क्रम मोडू नये अशी माझी विनंती आहे.

लक्षणे नीट ओळखा

‘पिक-अप जातो’ या एकाच शब्दात निरनिराळे बिघाड दडलेले असतात आणि ते वेगळे केल्याशिवाय बॉनेट उघडून उपयोग नाही. पहिल्या प्रकारात गाडी धक्के न देता, शांतपणे, एकदम दुबळी होते. साधारण २,००० आरपीएमच्या पुढे जो जोर यायला हवा तो येतच नाही, आणि गाडी बंद-चालू केल्यावर दोष तात्पुरता जातो. हा हवेच्या दाबाचा दोष असतो. दुसऱ्या प्रकारात गाडी चढणीवर झटके देते, थरथरते, म्हणजे ‘मिसिंग’ करते, आणि पिवळा दिवा लुकलुकतो. हा दोष ठिणगीचा किंवा इंधनाचा असतो. तिसऱ्या प्रकारात इंजिनाचे आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही. तिथे इंजिन निर्दोष असून क्लच घसरत असतो, आणि पुढचे काहीही तपासण्याची गरज नसते.

याशिवाय तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात. ॲक्सिलरेटर दाबताना ‘सुस्स’ असा हवेचा आवाज येतो का, सायलेन्सरमधून निळसर धूर दिसतो का, आणि गेल्या काही महिन्यांत ऑइलची पातळी उतरली आहे का, या तीन उत्तरांनी माझे निम्मे काम होते.

दाब गेला की गाडी इतकी दुबळी का होते

निसान मॅग्नाइट ही गाडी ९९९ सीसीच्या दोन इंजिनांसह विकली जाते. टर्बो नसलेले इंजिन ७२ पीएस शक्ती आणि ९६ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर टर्बो असलेले १०० पीएस आणि मॅन्युअल गिअरबॉक्ससह १६० न्यूटन-मीटर. आकारमान तेच, पण टॉर्कमध्ये निम्म्याहून अधिक वाढ केवळ दाबून भरलेल्या हवेमुळे मिळते. ह्युंदाई व्हेन्यूचे ९९८ सीसीचे टर्बो इंजिन १७२ न्यूटन-मीटर टॉर्क १,५०० आरपीएमपासूनच देऊ लागते. हाच जोर गृहीत धरून या गाड्यांचे गिअर ठरवलेले असतात. म्हणून इंजिनाच्या संगणकाने काही चूक ओळखून संरक्षणासाठी दाब बंद केला की आपण भरलेली गाडी एका साध्या एक लिटर इंजिनावर घाट चढवत असतो, आणि इंजिन मेल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ते स्वतःला वाचवत असते.

दोष शहरात का दिसत नाही आणि घाटातच का उघडा पडतो, याचेही कारण साधे आहे. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, महाबळेश्वरच्या उंचीवर तो ८६ च्या आसपास उतरतो. इंजिनाला आत १८० किलोपास्कल हवे असतील तर मुंबईत टर्बोला बाहेरची हवा पावणेदोन पटीने दाबावी लागते, महाबळेश्वरला दोन पटीहून जास्त. म्हणजे उंचीवर टर्बो अधिक वेगाने फिरतो आणि सपाटीवर खपून जाणारी बारीक गळती तिथे खपत नाही. खंबाटकी उंचीने फारसा नाही, पण तिथे भरलेल्या गाडीला सलग काही मिनिटे पूर्ण दाब लागतो, जो शहरातल्या सिग्नल-ते-सिग्नल चालवण्यात क्वचितच लागतो.

पहिली तपासणी : फुकट, दहा मिनिटांची

गाडी सपाट जागी, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून ऑइलची पातळी पाहावी. छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेऊ शकतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. पातळी खालच्या खुणेखाली असेल तर आधी ती भरावी आणि मगच गाडी पुढे चालवावी. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइलमध्ये पेट्रोल मिसळत आहे. केवळ दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत हे दिसते आणि त्यावर ऑइल बदलणे हाच पहिला उपाय आहे.

तक्रार एखाद्या ठिकाणी पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू झाली असेल, तर टाकी उतरेपर्यंत सावकाश चालवून दुसऱ्या पंपावर भरून पाहावे. हलक्या पेट्रोलने इंजिन ठोकू लागले की संगणक ठिणगी उशिरा देतो आणि दाबही कमी करतो.

दुसरी तपासणी : एअर फिल्टर

फिल्टरची किंमत काही शे रुपये असते आणि बहुतेक गाड्यांत तो दोन क्लिपा किंवा चार स्क्रू काढून हाती येतो. ऊसतोडीच्या हंगामात कच्च्या रस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या कितीतरी आधी चोंदतो. चोंदलेल्या फिल्टरमागे टर्बोला हवा ओढून घ्यावी लागते, तिथे पोकळी तयार होते आणि त्या ओढीने दांड्याच्या सीलमधून ऑइलही हवेच्या वाटेत येऊ शकते. फिल्टर काढलाच आहे तर त्याच्या डब्यात आणि पुढच्या तोंडात हात घालून पाहावे. चिंध्या, गवत, शेंगांची टरफले निघाली तर उंदीर आहेत असे समजावे आणि पुढची तपासणी दुप्पट काळजीने करावी, कारण उंदरांनी रबरी नळ्याही सोडलेल्या नसतात.

तिसरी तपासणी : हवेची वाट, क्लिपा आणि नळ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, कारण ही वारंवार येणारी तक्रार मला सर्वाधिक वेळा इथेच सापडली आहे. हवेची वाट अशी असते : फिल्टर, मग टर्बोची थंड बाजू, तिथून जाड नळीने इंटरकूलर (दाबल्याने तापलेली हवा थंड करणारी जाळी), इंटरकूलरमधून दुसऱ्या नळीने थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप), आणि मग इंजिन. टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या या भागात दाबलेली हवा असते. एका जरी जोडातून ती निसटली तरी संगणकाने मागितलेला आणि सेन्सरला मिळालेला दाब यांत फरक पडतो, आणि ठरावीक काळ तो फरक राहिला की संगणक दाब बंद करतो.

एका गाडीचा अनुभव सांगतो. दुसरीकडे तिचा टर्बो एकदा नव्हे, दोनदा बदलला होता, आणि तरीही घाटात तीच तक्रार होती. इंटरकूलरच्या तोंडाशी रबरी नळीला क्लिपच्या बरोबर खाली बोटाच्या पेराएवढी चीर होती. इंजिन बंद असताना आणि आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) चालू असतानाही ती मिटलेली राही, त्यामुळे कोणालाच दिसली नव्हती. पूर्ण दाब आल्यावरच ती उघडत असे. नळी बदलली आणि तक्रार संपली. मालकाने तोपर्यंत केलेला खर्च आठवला की मला आजही वाईट वाटते, आणि ही सगळी तपासणी लिहून काढण्याचे ते एक मोठे कारण आहे.

म्हणून नळ्या नुसत्या पाहू नयेत. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रत्येक नळी दोन्ही हातांनी दाबावी, वाकवावी, खालच्या बाजूने बोट फिरवावे, आणि शक्य असेल तिथे क्लिप सैल करून तिच्याखालचा भाग पाहावा. जोडाच्या बाहेर ऑइलची ओल आणि तिच्यावर बसलेली धूळ दिसली तर तो जोड गळतो असे समजावे. नळीच्या आत मात्र ऑइलचा पातळसा थर असतोच, कारण क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाची वाफ याच वाटेने परत घेतली जाते, त्याने घाबरू नये. वाटीभर ऑइल साचलेले असेल तर गोष्ट वेगळी, तिच्याकडे पुढे येऊ. बारीक नळ्याही विसरू नयेत. टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे आणि सोलेनॉइडकडे जाणारी पेन्सिलीएवढी नळी निसटली तरी दाबाचे सगळे गणित बिघडते. वर्कशॉपमध्ये आम्ही या वाटेत कमी दाबाने धूर सोडतो आणि तो कुठून बाहेर येतो ते पाहतो. चांगल्या गॅरेजमध्ये ही चाचणी टर्बोला हात लावण्याआधी मागून घ्यावी.

चौथी तपासणी : स्कॅनर

स्टिअरिंगखाली असलेल्या, गाडीच्या संगणकाशी जोडणाऱ्या ओबीडी सॉकेटमध्ये बसणारा ब्लूटूथ स्कॅनर हजार रुपयांच्या आसपास मिळतो आणि मोबाइलवर सगळे दाखवतो. संगणकाने नोंदलेला दोषाचा कोड पुसण्याआधी तो लिहून घ्यावा आणि त्या क्षणीचे नोंदलेले आकडेही टिपून ठेवावेत. कोड पुसून आणलेली गाडी म्हणजे रुग्णाने रिपोर्ट फाडून डॉक्टरकडे येण्यासारखे आहे. पी०२९९ म्हणजे दाब अपेक्षेपेक्षा कमी, पी०२३४ म्हणजे जास्त, पी०३०० ते पी०३०३ म्हणजे मिसिंग, ज्यात शेवटचा आकडा १ ते ३ असेल तर तो सिलिंडर सांगतो, आणि पी०१७१ म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी. यांतला एकही कोड ‘टर्बो बदला’ असे सांगत नाही. कोड फक्त काय मोजले गेले ते सांगतो, का ते आपल्याला शोधायचे असते.

नंतर दाबाच्या सेन्सरचे आकडे पाहावेत. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत सेन्सरने बाहेरच्या हवेचा दाब दाखवायला हवा. मुंबईत सुमारे १०१, पुण्यात ९५, साताऱ्यात ९३ किलोपास्कल. काही गाड्यांत थ्रॉटलच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात आणि या स्थितीत दोघांचे आकडे जुळले पाहिजेत. फरक मोठा असेल तर सेन्सरच खोटे बोलत आहे. पुष्कळदा तो ऑइलने माखलेला असतो आणि सेन्सरसाठीच्या क्लीनरने धुतल्यावर सुधारतो. गरम इंजिन आयडलवर असताना इंजिनाच्या बाजूचा आकडा ३० ते ४० च्या दरम्यान असतो. चढणीवर, तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर इंजिनानुसार तो १६० ते २०० पर्यंत जायला हवा. मी ही चाचणी पहाटे, वाहतूक नसताना, यवतेश्वरच्या चढणीवर घेतो. एकाने गाडी चालवावी आणि दुसऱ्याने आकडे वाचावेत, एकट्याने हे कधीही करू नये. आकडा बाहेरच्या दाबाच्या वर जातच नसेल तर मोठी गळती किंवा उघडी राहिलेली वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणारी झडप) समजावी. तो आधी वर जाऊन मग एकदम पडत असेल तर संगणकाने दाब तोडलेला आहे.

पाचवी तपासणी : प्लग आणि कॉइल

झटके आणि लुकलुकता दिवा असेल तर हवेची वाट सोडून थेट इथे यावे. दाबलेल्या हवेतून ठिणगी उडवणे साध्या हवेपेक्षा कठीण असते, म्हणून टर्बो इंजिनांत प्लगचा गॅप लहान, बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवलेला असतो. झिजून तो वाढला की आयडलवर इंजिन ठणठणीत चालते आणि पूर्ण दाबावर ठिणगी पडत नाही. नेमका आकडा पुस्तिकेतून घ्यावा. टर्बो नसलेल्या इंजिनाचे स्वस्त प्लग बसवून आणलेल्या गाड्यांत मी हा दोष पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

कॉइल तपासायला पैसे लागत नाहीत. कोड पी०३०२ असेल तर थंड इंजिनावर, चावी बंद करून दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइल आपसात बदलाव्यात आणि गाडी पुन्हा चालवावी. कोड बदलून पी०३०३ झाला तर कॉइल खराब आहे, पी०३०२ च राहिला तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन पाहावे लागेल. मिसिंग अंगावर काढू नये, कारण न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग वितळवते.

इथून पुढे हत्यारे आणि अनुभव लागतो

वेस्टगेट म्हणजे टर्बाइनला वळसा देऊन धूर बाहेर सोडणारी छोटी झडप. ती उघडी अडकली तर दाब येत नाही, बंद अडकली तर जास्त येतो आणि संगणक थ्रॉटल मिटवतो. हवेच्या दाबावर चालणारा ॲक्च्युएटर हातपंपाने तपासता येतो. विजेवर चालणारा असेल तर त्याचा दांडा हाताने ढकलू नये, त्याला कंपनीच्या स्कॅनरनेच हलवावे. ॲक्सिलरेटर सोडताना दाब परत फिरवणाऱ्या डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला तरी पी०२९९ येतो, आणि तो भाग टर्बोच्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे.

थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही, त्यामुळे ते धुतले जात नाहीत आणि वर्षानुवर्षे काजळी साचते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या दाबाने मारून ती काढतात. व्हॉल्व्हच्या आधी, पोर्टमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनाला या कामाची सहसा गरज नसते. म्हणून सरसकट ‘कार्बन क्लीनिंग’ सुचवणाऱ्याला आधी इंजिनाचा प्रकार विचारावा.

आता टर्बो. नळीत वाटीभर ऑइल, निळा धूर, शिट्टीसारखा किंवा घासल्यासारखा आवाज, यांपैकी काही असेल तरच त्याची नळी काढून दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवी किंचित हालचाल चालते, पण दांडा लांबीच्या दिशेने पुढे-मागे सरकता कामा नये आणि पाती आवरणाला घासलेली नसावीत. टर्बो खरोखर गेला असेल तर तो का गेला हे कळल्याशिवाय नवा बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे आहे. ऑइलची नळी काजळीने चोंदली आहे का, परतीची वाट मोकळी आहे का, जुन्याचे तुकडे आणि ऑइल इंटरकूलरमध्ये उरले आहेत का, हे मेकॅनिकला लेखी विचारावे. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्ट इंजिनाचे उदाहरण इथे बोलके आहे. त्यात ऑइल पंपाचा पट्टा ऑइलमध्येच फिरतो, तो झिजला तर ऑइलचा दाब जातो, आणि अमेरिकेत २०२३ मध्ये याच कारणासाठी गाड्या परत बोलावल्या गेल्या. अशा ठिकाणी टर्बो हा नुसता बळी असतो.

कुठे थांबावे

गाडी वॉरंटीत असेल तर फिल्टर, ऑइल आणि स्कॅनरच्या पुढे स्वतः जाऊ नये. लिहून घेतलेले कोड घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जावे आणि संगणकाचे सुधारित सॉफ्टवेअर आले आहे का तेही विचारावे. ऑइलचा लाल दिवा लागला, तापमानाचा काटा लालकडे गेला, बॉनेटमधून पेट्रोलचा वास आला किंवा धातू घासल्याचा आवाज आला, तर इंजिन त्याच जागी बंद करून गाडी टोइंगने न्यावी. ‘गॅरेजपर्यंत तर जाईल’ या विचाराने इंजिने फुटलेली मी पाहिली आहेत. थेट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोलचा दाब २०० बार आणि त्याहूनही जास्त असतो. त्या नळीचा नट घरी कधीही सैल करू नये, तो फवारा कातडीत शिरतो आणि पेटूही शकतो.

दोष परत येऊ नये म्हणून

पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे आणि घाटात, धुळीत किंवा कमी अंतराच्या फेऱ्यांत चालणाऱ्या गाडीचे ऑइल पुस्तिकेतील अंतराच्या आधी, ७,५०० किलोमीटर किंवा एका वर्षात बदलावे, असे मी सांगतो. पुस्तिका परवानगी देत असेल तर डब्यावर एपीआय एसपी ही ऑइलच्या दर्जाची खूण आहे का ते पाहावे. कमी आरपीएमवर मोठा भार आल्यास ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटण्याचा जो धोका छोट्या टर्बो इंजिनांत असतो, तो कमी करण्याची कसोटी या २०२० च्या दर्जात आहे. त्याच कारणासाठी चढणीवर चौथ्या किंवा पाचव्या गिअरमध्ये, १,३०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर तळाला दाबू नये. गिअर उतरवावा, इंजिन अडीच हजारांवर मोकळे फिरू द्यावे. त्याने पेट्रोल किंचित जास्त जाईल, पण पिस्टन वाचेल. मोठी चढण संपवून लगेच थांबायचे असेल तर इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवावे, म्हणजे तापलेल्या टर्बोत ऑइल जळून काजळी होत नाही.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसून गाडी त्याच चढणीवर, तितक्याच माणसांसह आणि एसी चालू ठेवून न्यावी. शहरातली फेरी या दोषाची परीक्षा घेत नाही. नंतर तीन-चार दिवस स्कॅनरमध्ये प्रलंबित कोड तपासत राहावे, कारण दिवा लागण्याच्या आधी तो तिथे दिसतो. पी०२९९ पुन्हा दिसला, तर कोणताही नवा भाग विकत घेण्याआधी दुरुस्तीत उघडलेल्या क्लिपा परत एकदा आवळून पाहाव्यात.